मरहूमच्या जमिनीत कुणाचा किती हिस्सा? अलीकडचे कोर्टाचे निकाल काय सांगतात

घरात मय्यत होते. चाळीसावा होतो न होतो तोच वारस नोंदीची गडबड सुरू होते. सातबाऱ्याचे उतारे निघतात, तलाठ्याकडे चकरा होतात. मग एखाद्या दिवशी बहिणीपुढे कागद येतो, “आपा, इथं सही कर, नाव लावायचंय.” तो कागद वारस नोंदीचा नव्हता, हक्कसोडाचा होता, हे आपाला बऱ्याच वर्षांनी कळतं. तोवर जमीन विकलेली असते, अम्मी राहिलेली नसते आणि भावाबहिणीचं येणंजाणं बंद झालेलं असतं.

मुखेड, नायगाव, देगलूर, कंधार, उदगीर, अहमदपूर, या पट्ट्यातल्या आपल्या घरांत हे नवं नाही. वारसाहक्काचा हिशोब कुराणात सूरह निसाच्या ११, १२ आणि १७६ या आयतींमध्ये स्पष्ट आहे. नमाज-रोज्याची चौकशी आपण करतो, पण या हिशोबाची चौकशी करायची वेळ आली की “घरातलं घरात बघू” म्हणतो. मग घरातलं तालुक्याच्या कोर्टात जातं, तिथून नांदेडला, तिथून छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात आणि कधी कधी थेट दिल्लीला.

गेल्या दोन-तीन वर्षांत सर्वोच्च न्यायालयानं आणि उच्च न्यायालयांनी या विषयावर काही महत्त्वाचे निकाल दिलेत. त्यातला एक तर आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेला आहे. त्या निकालांचा आपल्या घरांशी काय संबंध, हे आम्ही इथं एकत्र मांडतो आहोत. हा लेख जपून ठेवा आणि घरच्या बायकांनाही वाचून दाखवा.

आधी एवढं समजून घेऊ

भारतात मुसलमानांच्या वारसाहक्काला १९३७ चा शरियत कायदा आधार देतो. त्याच्या कलम २ मध्ये शेतजमिनीचा अपवाद लिहिलेला आहे आणि उत्तर प्रदेशात शेतीच्या वारसाचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडे मात्र जमिनीच्या दाव्यांतही कोर्टं मुस्लिम वारसा कायदाच लावत आली आहेत. “शेतीत शरियत चालत नाही, म्हणून बहिणीला काही नाही” असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट. ‘वडिलोपार्जित’ हा शब्द गावात सगळेच वापरतात. हिंदू एकत्र कुटुंबात मुलाला आणि २००५ नंतर मुलीलाही जन्मानंच हक्क मिळतो. मुस्लिम कायद्यात जन्मानं हक्क नाही. अब्बा हयात आहेत तोवर जमीन अब्बांची, मग ती आजोबांकडून आलेली असो की स्वतः घेतलेली. मुलाला वाटणी मागता येत नाही, मुलीलाही नाही. अब्बांनी शेवटचा श्वास घेतला त्या क्षणी मात्र प्रत्येक वारसाचा हिस्सा आपोआप ठरतो. त्यासाठी तलाठ्याची नोंद लागत नाही, भावाची परवानगी लागत नाही.

पुढचे सगळे निकाल या एकाच मुद्द्याभोवती फिरतात. मृत्यूच्या क्षणी मरहूमच्या नावावर कायद्यानं जे काही होतं, तेवढं सगळं ‘मतरूका’, आणि मतरूका सर्व वारसांचा.

जोहरबी विरुद्ध इमाम खान : विधवेचा पाव हिस्सा आणि इसाराची किंमत

हा निकाल १६ ऑक्टोबर २०२५ चा. न्यायमूर्ती संजय करोल आणि न्यायमूर्ती प्रशांत कुमार मिश्रा यांच्या पीठानं तो दिला. प्रकरण महाराष्ट्रातलंच. एक माणूस अपत्य नसताना वारला. मागे पत्नी आणि भाऊ. वाद दोन मुद्द्यांवर होता. पहिला, पत्नीला किती मिळणार? तिच्या बाजूनं पाऊण हिश्श्याचा दावा होता. दुसरा, मरहूमनं हयातीत एका जमिनीचा विक्रीचा करार केला होता, तर ती जमीन वाटणीत धरायची की वगळायची?

सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अपत्य नसेल तर विधवेचा हिस्सा एक चतुर्थांश, अपत्य असेल तर एक अष्टमांश. इथं अपत्य नव्हतं, म्हणून पाव. उरलेलं बाकीच्या वारसांना.

दुसऱ्या मुद्द्यावरचं उत्तर आपल्या भागासाठी जास्त कामाचं आहे. विक्रीचा करार म्हणजे विक्री नव्हे. इसार पावती झाली, सौदाचिठ्ठी झाली, अगदी पैसेही दिले-घेतले, तरी नोंदणीकृत खरेदीखत होईपर्यंत मालकी हलत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ हेच सांगतं आणि २०११ च्या सूरज लॅम्प निकालातही सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं होतं. खरेदीखत मृत्यूच्या आधी झालेलं नव्हतं, म्हणून ती जमीनही मतरूका ठरली आणि वाटणीत आली.

आपल्याकडे मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी इसारावर पैसे घ्यायची पद्धत आहे. मग मृत्यूनंतर एखादा भाऊ म्हणतो, “ती जमीन अब्बांनी विकली होती, ती हिशोबात धरू नका.” तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा, खरेदीखत कुठं आहे आणि त्यावर तारीख कोणती? इसार देणाऱ्याचेही हक्क आहेत. तो मुदतीत दावा करून वारसांकडून खरेदीखत मागू शकतो. पण तो हक्क त्याचा आहे. त्याच्या आडून एखाद्या वारसाला दुसऱ्याचा हिस्सा दाबता येत नाही.

याच निकालात न्यायालयानं आणखी एका गोष्टीवर नाराजी व्यक्त केली. खालच्या कोर्टाच्या निकालाचं इंग्रजी भाषांतर नीट झालेलं नव्हतं. कायद्यात एकेका शब्दाला अर्थ असतो, म्हणून भाषांतर काळजीनं व्हायला हवं, असं न्यायालयानं बजावलं. आपल्या भागाला हे विशेष लागू आहे. मुखेड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. जुन्या घरांत अजूनही उर्दूतले कागद सापडतात. वाद कोर्टात नेताना अशा कागदांचं भाषांतर जाणकाराकडून करून घ्या आणि मूळ कागदाशी ताडून बघा.

हिशोब कसा करायचा

हिस्से पाडण्याआधी तीन कामं करायची असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च. मग मरहूमचं कर्ज. बायकोचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे, हे आपण साफ विसरतो. मग वसीयत असेल तर ती, तीही उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच. या तिन्हींनंतर जे राहतं ते वारसांचं.

सुन्नी हनफी पद्धतीनं तीन साधे हिशोब बघू. कर्ज आणि वसीयत नाही असं धरून.

पहिलं घर : मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. जमीन ८ एकर. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे १ एकर. उरले ७ एकर. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, असे पाच वाटे. प्रत्येक मुलाला २ एकर ३२ गुंठे, मुलीला १ एकर १६ गुंठे.

दुसरं घर : पत्नी, एकच मुलगी आणि मरहूमचा सख्खा भाऊ. आईवडील आधीच वारलेले. जमीन ८ एकर. पत्नीला १ एकर, मुलीला अर्धा म्हणजे ४ एकर, उरलेले ३ एकर भावाला. “मुलगा नाही म्हणून सगळं भावाचं” हेही चूक आणि “मुलगी आहे म्हणून भावाला काही नाही” हेही हनफी घरात चूक.

तिसरं घर : अपत्य नाही, पत्नी आणि एक सख्खा भाऊ. जमीन १२ एकर. पत्नीला ३ एकर, भावाला ९ एकर. जोहरबी प्रकरणातला हिशोब याच पठडीतला.

मरहूमची आई हयात असेल तर तिला विसरू नका. मुलंबाळं असतील तर तिचा सहावा हिस्सा आहे. मय्यत बाईची असेल तर नवऱ्याला अपत्य असताना पाव, नसताना अर्धा. शिया घरांत काही हिशोब वेगळे आहेत. तिथं मुलगी असेल तर मरहूमच्या भावाला काही मिळत नाही. म्हणून प्रत्यक्ष वाटणी करताना आपल्या मसलकचा आलिम आणि दिवाणी वकील, दोघांनाही विचारा.

“अब्बांनी हयातीतच वाटणी केली होती”

हे वाक्य जवळपास प्रत्येक वादात येतं. अब्बांनी तलाठ्याकडे अर्ज दिला, फेरफार झाला, दोन भावांच्या नावे जमीन लागली, बहिणीचं नावच नाही. ही वाटणी टिकते का?

कर्नाटकातून गेलेल्या मन्सूर साहेब विरुद्ध सलीमा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये याचं उत्तर दिलं. मालक हयात असताना मुलांना काही हक्कच नसतो, तर वाटणी कशाची? हयातीतली ‘वाटणी’ ही कल्पनाच मुस्लिम कायद्यात बसत नाही. द्यायचंच असेल तर हिबा करता येतो, पण मग हिब्याच्या तिन्ही अटी सिद्ध कराव्या लागतात. त्या प्रकरणात त्या सिद्ध झाल्या नाहीत. फेरफार होता, तरी तो पुरेसा ठरला नाही.

फेरफाराबद्दल सर्वोच्च न्यायालय हे वारंवार सांगत आलंय. २०२१ च्या जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालातही तेच आहे. महसुली नोंद सारा वसुलीसाठी असते, तिच्यानं मालकी मिळत नाही आणि जातही नाही. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नं नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. म्हणून सातबाऱ्यावर बहिणीचं नाव नाही याचा अर्थ तिचा हिस्सा नाही, असा होत नाही.

हिबा : तोंडी चालतो, पण ताबा दाखवावा लागतो

हिब्याच्या तीन अटी आहेत. देणाऱ्यानं दिल्याचं जाहीर करणं, घेणाऱ्यानं कबूल करणं आणि ताबा देणं. या तिन्ही झाल्या तर तोंडी हिबाही चालतो. तो नंतर साध्या कागदावर लिहून ठेवला तर केवळ नोंदणी नाही म्हणून रद्द होत नाही, हे हफीजा बीबी विरुद्ध शेख फरीद या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय.

पण ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. प्रकरण आपल्या शेजारच्या कलबुर्गीचं, तेही जुन्या हैदराबाद संस्थानातलंच. धर्मराव शरणप्पा शाबादी विरुद्ध सय्यदा आरिफा परवीन. आईनं १९८८ साली तोंडी हिब्यानं जमीन दिली असा मुलीचा दावा होता. तो दावा कोर्टात आला २०१३ साली. मधल्या काळात जमीन दुसऱ्यांनी खरेदी केली होती. खालच्या कोर्टांत तिला काही प्रमाणात यश मिळालं, पण सर्वोच्च न्यायालयात दावा टिकला नाही. ताबा मिळाल्याचा भरवशाचा पुरावा नव्हता आणि दाव्याची मुदतही उलटली होती.

यातून दोन धडे. हिबा करायचाच असेल तर लपूनछपून करू नका. शक्य असेल तर नोंदणीच करा, निदान साक्षीदारांसमोर लिहून ठेवा, लगेच फेरफाराचा अर्ज द्या, पीकपाण्यात नाव येऊ द्या, सारा त्याच्या नावानं भरा. आणि दुसरा धडा हक्क मागणाऱ्यासाठी. हक्क कितीही खरा असला तरी पंचवीस वर्षं गप्प बसलात तर कोर्ट मदत करेलच असं नाही.

एक गोष्ट आम्हाला स्पष्ट लिहायला हवी. मुलींना टाळण्यासाठी सगळी जमीन मुलांना हिबा करून टाकायची, असा सल्ला गावात सर्रास दिला जातो. कागद पक्का असेल तर कोर्टात तो कदाचित टिकेलही. पण मुलांमध्ये इन्साफ करा, ही तालीम आपल्याला नबी करीम सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या हदीसमधून मिळालेली आहे. कोर्टात जिंकलेला माणूस तिथंही सुटेल, असं समजू नये.

वसीयत : तिसऱ्या हिश्श्याच्या पुढं नाही

मुसलमानाला सगळ्या मालमत्तेचं मृत्युपत्र करता येत नाही. वसीयत एक तृतीयांशापर्यंतच, आणि हनफी कायद्यात वारसाच्या नावे वसीयत करायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते, तीही मृत्यूनंतरची. छत्तीसगड उच्च न्यायालयानं २०२५ च्या अखेरीस एका विधवेच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं. पतीनं सगळं पुतण्याला दिल्याचा कागद होता. वारस गप्प राहिले म्हणजे संमती झाली असं होत नाही, संमती स्पष्ट हवी, असं न्यायालयानं ठरवलं.

वसीयतीचा खरा उपयोग कुठं होतो? ज्यांना वारसा मिळत नाही पण ज्यांची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी. समजा मोठा मुलगा अब्बांच्या आधी वारला. त्याची यतीम मुलं आहेत. अब्बांचे दुसरे मुलगे हयात असतील तर या नातवंडांना वारसा मिळत नाही. पाकिस्ताननं १९६१ च्या कायद्यानं यावर तोड काढली, भारतात तशी तरतूद नाही. पण आजोबांना एक तृतीयांशापर्यंत नातवंडांच्या नावे वसीयत करता येते. आजोबा हयात आहेत तोवरच हे होऊ शकतं. ज्यांच्या घरात असं आहे त्यांनी हा विषय आजच काढावा.

बँकेतला पैसा : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

“अब्बांनी माझं नाव लावलं होतं, पैसा माझा.” हेही नेहमीचं. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर त्यांच्या कुटुंबातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयानं सांगितलं की शेअर्सवर नॉमिनी असला तरी तो मालक होत नाही. तो फक्त रक्कम स्वीकारून सांभाळणारा असतो, खरा हक्क वारसांचा. घर हिंदू असो की मुस्लिम, नॉमिनीचा नियम सारखाच आहे. बँकेनं नॉमिनीच्या हातात पैसा दिला म्हणजे बँक मोकळी झाली. नॉमिनी मोकळा झाला नाही, त्यानं तो हिश्श्याप्रमाणे वाटायचा आहे.

नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर बँक वारसा प्रमाणपत्र मागते. ते भारतीय वारसा कायद्याखाली दिवाणी कोर्टातून मिळतं.

हक्कसोड : सही कशावर करतोय?

हक्कसोडपत्र बेकायदा नाही. बहिणीनं राजीखुशीनं, समजून-उमजून, अब्बांच्या मृत्यूनंतर हिस्सा सोडला आणि दस्त नोंदवला तर तो तिचा निर्णय आहे. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

अब्बा हयात असताना “मला काही नको” असं लिहून घेतलं तर मुळात सोडायला हक्कच नसतो. मात्र गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्यूम अली या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की मोबदला घेऊन असं कबूल केलं आणि समोरचा त्या भरवशावर राहिला, तर पुढं मागणी करताना ते आड येऊ शकतं. तेव्हा लग्नातल्या दागिन्यांच्या किंवा रोख रकमेच्या बदल्यात कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्या.

फसवून सही घेतली असेल तर दस्त रद्द करून मागता येतो, पण फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत दावा दाखल व्हायला हवा.

आणि भाऊ एकटा शेत कसतो, पीक घेतो, एवढ्यानं बहिणीचा हक्क बुडत नाही. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. पण ज्या दिवशी भाऊ उघड म्हणतो, “तुझा इथं काही संबंध नाही,” त्या दिवसापासून मुदतीचं घड्याळ चालू झालं असं समजा. तो दिवस, ती तारीख लिहून ठेवा आणि वकिलाकडे जा.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांसाठी

कोकणातली आणि आता मराठवाड्यातलीही काही घरं इंग्लंडला स्थायिक झाली आहेत. तिथला कायदा अगदी उलटा आहे. तिथं माणूस मृत्युपत्र करून बहुतेक सगळं हवं त्याला देऊ शकतो, ठरलेले हिस्से नाहीत. मृत्युपत्र नसेल आणि अपत्य नसेल तर सगळं जोडीदाराला. अपत्य असेल तर जुलै २०२३ पासून पहिले ३ लाख २२ हजार पौंड, वापरातल्या वस्तू आणि उरलेल्याचा अर्धा जोडीदाराला, बाकी मुलांना. आईवडिलांना अशा वेळी काही मिळत नाही. शरियतप्रमाणे हिस्से व्हावेत असं वाटत असेल तर तिथल्या कायद्यानुसार मृत्युपत्र करूनच ठेवावं लागतं.

शेतीवरून भांडणं तिथंही होतात. गेस्ट विरुद्ध गेस्ट या प्रकरणात शेत देण्याच्या आईवडिलांच्या शब्दावर मोठ्या मुलानं तीसेक वर्षं कमी पगारात राबून काढली आणि शेवटी मृत्युपत्रातून त्याचं नाव काढलं गेलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये मुलाला दिलासा दिला. आपल्याकडे मोठ्या भावानं शेत राखलं, विहीर खणली, तर खर्चाचा हिशोब त्यानं जरूर मांडावा. पण राबणुकीनं त्याचा वारशातला हिस्सा वाढत नाही आणि बहिणीचा कमी होत नाही.

सर्वांत मोठा धोका मुलींना आहे. इंग्लंडमध्ये फक्त निकाह पढला आणि तिथल्या कायद्यानं नोंदणी केली नाही, तर तो विवाहच धरला जात नाही. अख्तर प्रकरणात तिथल्या अपील न्यायालयानं फेब्रुवारी २०२० मध्ये हेच सांगितलं. म्हणजे नवरा मृत्युपत्र न करता वारला तर पत्नी म्हणून तिचा हिस्साच उभा राहत नाही. तिकडं मुलगी देताना निकाहनाम्याबरोबर नोंदणीची तारीखही ठरवून घ्या. इथल्या जमिनीला मात्र इथलाच कायदा लागतो, वारस लंडनला राहतो की लोहाऱ्याला, यानं फरक पडत नाही.

आता काय करायचं

१. मृत्यूचा दाखला काढा. सर्व वारसांची नावं, आई, पत्नी, मुली सगळ्यांसकट, लिहून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. पोच घ्या.

२. मरहूमच्या नावावरच्या सगळ्या गटांचा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. इसार असेल तर त्याची प्रत घ्या.

३. फेरफाराची नोटीस आली आणि नाव वगळलेलं दिसलं तर १५ दिवसांत लेखी हरकत द्या. नोंद मंजूर झाली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, त्याची मुदत ६० दिवस.

४. सगळे राजी असतील तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होऊ शकतं. हक्कावरच वाद असेल तर तहसीलदार काही करू शकत नाहीत, दिवाणी कोर्टात वाटपाचा दावाच लावावा लागतो.

५. जमीन विकली जाण्याची भीती असेल तर दाव्यासोबत मनाईचा अर्ज द्या.

६. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीचं काम तालुक्याच्या कोर्टातच चालतं. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे. ही गोष्ट फार कमी बायकांना माहीत आहे.

७. दाव्याआधी एकदा बसून बघा. जमातीतले दोन शहाणे, एक आलिम, एक वकील. तडजोड झाली तर ती तोंडी ठेवू नका. दावा चालू असेल तर लोकअदालतीत नोंदवून घ्या. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं.

कोर्टाचे हे निकाल वाचताना आम्हाला एक गोष्ट जाणवली. विधवेला पाव, वसीयतीला तिसरा हिस्सा, मुलांच्या हयातीतल्या वाटणीला मान्यता नाही, यातलं काहीच कोर्टानं नव्यानं शोधलेलं नाही. हे सगळं आपल्याकडे आधीपासून लिहिलेलं होतं. आपण ते पाळलं नाही, म्हणून दिल्लीच्या न्यायाधीशांना ते वाचून दाखवावं लागलं. पुढची मय्यत कुणाच्या घरी होईल हे अल्लाहच जाणतो. पण त्या घरात बहिणीपुढं कागद ठेवण्याआधी तिला तो वाचून दाखवला जाईल, एवढं तर आपल्या हातात आहे.